जांभळी जीभ

आमच्या घरात दोन मुली होत्या. एक तिची, एक माझी. तिची म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईची. माझी चार महिन्यांनी मोठी. इथे मी त्यांना तिची आणि माझी असंच लिहिणार आहे, कारण मनात मी त्यांना तसंच म्हणत असे. तोंडाने दोघींनाही बाई म्हणायची.

मूल नावाच्या मोठ्या गावापासून तीन कोसांवर आमचं गाव. गावाला मोठा तलाव, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या उंच बांधाखाली, धानाची बांधी, भाताची शेतं. माझा नवरा आणि त्याचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे, तलावात जाळं टाकायचे आणि पावसाळ्यात धान करायचे. तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदा म्हणत आणि गडचिरोलीकडचं जंगलही चांद्यातच मोडत असे.

भासऱ्यांसमोर धाकट्या भावाच्या बायकोने बोलायचं नाही, अशी आमच्यात रीत होती. ते ओट्यावर बसलेले असले की मी मागच्या दाराने बाहेर पडायची. काही सांगणं भागच पडलं तर लेकराला पुढे करून सांगायचं. माझी पाळण्यात होती तेव्हा मी पाळण्याकडे बघून म्हणायची, "सांग व बाई मोठ्या बाबाले, वाढलं म्हना." भासरेही पाळण्याकडेच बघून उत्तर द्यायचे, "हात धुऊन येतो म्हना मायले." लेकरू पाय हलवत पडलेलं असे. मी मुळात बोलणारी नव्हतेच. चौथी शिकले होते, पण शाळेतही गुरुजींनी विचारलं की येत असलेलं उत्तर गिळून टाकायची. त्यामुळे ही रीत मला कधी जड गेली नाही. एकदाच गेली, ते पुढे येईल.

तिची जन्मली तीच चिमणीएवढी. पहिल्या वर्षी दूध पिता पिता थकून झोपी जायची, कपाळाला घाम यायचा. सासूबाईंनी एका म्हातारीला बोलावून पोटावर दोन डाग देवविले, तापलेल्या सळईचे. त्याने काही झालं नाही. मग सासूबाईंनी ठरवलं की लेकरू नाजूक आहे आणि त्याला जपायचं. जाळ्यात मरळ आली की ती तिची. मरळ अशक्त माणसाला चांगली, काटे कमी, म्हणून पातेल्यातून आधी तिचा तुकडा निघायचा. माझीच्या वाट्याला शेपटीकडचा काट्यांचा भाग. मी माझीला मांडीवर घेऊन एक एक काटा काढत बसायची आणि समोर ती मऊ तुकडा चिवडत असायची, अर्धा टाकून द्यायची. त्या टाकलेल्या अर्ध्या तुकड्याकडे मी किती वेळा पाहिलं असेन.

मरळीचं सोसलं असतं. मला सोसवत नव्हता माझा नवरा.

बांधीकडे जायची वाट तलावाच्या पाळीवरून होती. ती पाळीवर जेमतेम मोहाच्या झाडापासून चिंचेपर्यंत चालायची आणि मटकन उकिडवी बसायची. गुडघे छातीशी, हात गुडघ्यांभोवती, मान खाली. चूल फुंकायला बसावं तशी. थोड्या वेळाने आपणच उठायची, पण तेवढा वेळ माझ्या नवऱ्याला धीर निघायचा नाही. तो जाळं एका खांद्यावर घ्यायचा आणि तिला दुसऱ्या. "चाल माही रानी," म्हणायचा. माझी त्याचं धोतर धरून मागे पळायची.

एक दिवस माझीही तिच्या शेजारी उकिडवी बसली. तशीच, गुडघे छातीशी धरून. नवरा हसला.

"तुले काय झालं व? तू काऊन बसली?"

"मीबी थकली."

"थकते कायची, बैलावानी पाय हायेत तुहे. चाल ऊठ."

सासूबाई मागून येत होत्या. त्या म्हणाल्या, "ढोंगी हाये. मायवर गेली." आणि माझीच्या पाठीत एक धपका दिला. माझी रडली नाही. उठली आणि चालायला लागली. मी डोक्यावरचं टोपलं सावरत मागून चालत होते. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं की ढोंग माझीचं नाही, तिचं आहे. लाडाने बिघडलेलं लेकरू आहे, उचलून घ्यावं म्हणून बसतं.

तेव्हापासून मी तिच्यावर डोळा ठेवला. घरातल्या दुसऱ्या कुणी ठेवला नसेल इतका. मोहापासून चिंचेपर्यंत तिची किती पावलं होतात ते मी मोजायची. चाळीसच्या आत बसली की मनात म्हणायची, पाहा, आज काका सोबत आहे म्हणून लवकर बसली. पण काका नसतानाही ती तेवढ्यातच बसायची. ते मी मोजायची, पण धरायची नाही.

ज्येष्ठ सरता सरता तलावाच्या काठचं जांभूळ पिकलं. झाड आमच्या वाटणीचं नव्हतं, पण खाली पडलेली कुणीही वेचायचं. एका दुपारी दोघी अंगणात खेळत होत्या आणि मला तिचे ओठ दिसले. निळसर जांभळे. मी तिला जवळ ओढलं, हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं. जीभही तशीच. हाताची नखंही तशीच. माझीची जीभ पाहिली, लाल. म्हणजे हिला लपवून जांभळं खाऊ घातली आणि माझीला एकही नाही.

आयुष्यात मी भांडण उकरून काढल्याचं ते एकच. जाऊबाई चुलीपाशी होत्या. मी उंबऱ्यात उभी राहिले.

"बाई, जांभळं आनली का तुमी?"

"नाई व."

"मंग तुमच्या लेकीची जीभ काऊन जांभळी हाये? मी उघडून पायली. लपवून खाऊ घातलं तं घातलं, नाई काऊन म्हनता?"

जाऊबाईंनी फुंकणी खाली ठेवली. माझ्याकडे बघत राहिल्या. मग तोंड चुलीकडे फिरवून म्हणाल्या, "हो. देल्ली मी. चार दाने देल्ले. मंग?"

मला हवं ते मिळालं होतं. संध्याकाळी मी स्वतः झाडाखाली गेले आणि ओटीभर जांभळं वेचून आणली. माझीला भिंतीशी बसवून खाऊ घातली. पोट दुखेपर्यंत खाऊ घातली. आणि मग तिला म्हटलं, "जाय, मोठ्या मायले जीभ दाखवून ये." माझी गेली, जीभ काढून दाखवली. जाऊबाई म्हणाल्या, "मस्त रंगली व बाई." एवढंच.

माझीच्या झग्यावर पुढे जांभळाचे डाग पडले. ते शेवटपर्यंत निघाले नाहीत. तिच्या झग्यावर मात्र एकही डाग नव्हता. जांभूळ खाऊन झगा कोरा ठेवील असं चार वर्षांचं लेकरू मी अजून पाहिलेलं नाही. पण तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नाही, कारण मला ध्यानात घ्यायचं नव्हतं.

रोवणी झाली, कापणी झाली, धान घरी आलं. पौषातल्या एका सकाळी मी दोघींना अंगणात उन्हात आंघोळ घालत होते. थंडी होती. तिच्या अंगावर तांब्याभर पाणी घातलं आणि ती रडायला लागली. तोंड उघडं, ऊन सरळ तोंडात. जीभ जांभळी.

पौषात कुठलं जांभूळ.

तांब्या माझ्या हातातच राहिला. मी माझीला म्हटलं, "आ कर." लाल, ओली जीभ. पुन्हा तिची पाहिली. मग तिचे हात उन्हात धरले. बोटांची टोकं गोल फुगलेली, टिपरीच्या टोकासारखी, आणि नखं पालथ्या वाटीसारखी. ओठ, जीभ, नखं, सगळं एकाच रंगाचं. थंडीने कुडकुडल्यावर ओठ निळे पडतात हे मला माहीत होतं, पण जीभ तोंडात गरम असते. ती थंडीने निळी कशी पडेल? आणि ज्येष्ठात थंडी कुठे होती?

म्हणजे हे जन्मापासूनचं काहीतरी आहे, आतलं आहे, हे मला त्या सकाळी कळलं. घरात कुणाला कळलेलं नाही तेही कळलं, निदान मला तसं वाटलं. तिला टॉवेलात गुंडाळून मी उन्हात बसवलं आणि चुलीपाशी गेले. जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्याजवळ बसून सुपातले खडे काढायला लागले. आणि काहीच बोलले नाही.

मी लाजाळू आहे म्हणून बोलले नाही, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. जाऊबाईंशी बोलायला मला कसली लाज? मी बोलले नाही, कारण ते आजार निघालं असतं तर ती खरी ठरली असती आणि माझी ढोंगी ती ढोंगीच राहिली असती. आणि मरळ, खांदा, रानी, सगळं दुप्पट झालं असतं. एवढ्यासाठी मी गप्प बसले.

माघात लाखोरीची भाजी खुडायला मी दोघींना घेऊन बांधीत गेले होते. परतताना माझ्या डोक्यावर भाजीचं गाठोडं. पाळीवर ती चिंचेच्या कितीतरी आधी बसली. मी थांबले. ऊन मानेवर होतं, घरी पाणी भरायचं राहिलं होतं.

"ऊठ," मी म्हटलं. "काका नाई हाये इथी. कोनाले दाखवून राह्यली?"

ती उठली नाही. मी तिचं मनगट धरून ओढून उभं केलं. ती रडायला लागली आणि रडता रडता तिचा रंग बदलत गेला. निळी, मग काळपट. श्वास भरभर, आणि मग मान टाकली. हातात नुसतं मनगट उरल्यासारखी ती लोंबली.

गाठोडं कुठे पडलं मला कळलं नाही. तिला जमिनीवर निजवून मी तिच्या तोंडावर पदराने वारा घालत होते. माझी माझा दंड ओढत होती.

"तिले बसव ना माय. अशी नाई, तशी बसव. ते बसते तशी."

मला समजेना. तेव्हा माझीनेच तिचे पाय दुमडले आणि गुडघे तिच्या छातीवर दाबले, खेळात भावलीचे दुमडावेत तसे. मग मी तिला उचलून मांडीवर घेतलं, दोन्ही गुडघे तिच्या पोटाशी घट्ट धरून. किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू काळेपणा उतरला, नेहमीचा निळेपणा आला. तिने डोळे उघडले आणि "पानी" म्हणाली.

मी तिला कडेवर घेऊन आले. अंगणाच्या कुडापाशी खाली उतरवलं आणि शेवटची दहा पावलं चालवत आत नेली. माझीला बजावलं, "सांगू नोको कोनाले." तिने मान हलवली. ती माझ्यासारखीच होती, गिळणारी.

फाल्गुनात गावात देवी टोचणारा आला. लेकरांची रांग लागली. तिचा हात धरला आणि तो टोचायचा थांबला. बोटं उलटीसुलटी करून पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली.

"जन्मापासून असंच हाये का लेकरू?" त्याने विचारलं.

"थंडीनं होते जी," जाऊबाई म्हणाल्या.

तो आभाळाकडे बघून म्हणाला, "कोनती थंडी बाई? मी घामानं भिजलो." मग भासऱ्यांना बाजूला घेऊन म्हणाला की हिला टोचत नाही, आधी चांद्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा, हिच्या छातीत काही आहे.

होळी झाल्यावर जायचं ठरलं. भासरे आणि जाऊबाई जाणार होत्या. पण ती माझीशिवाय जाईना, आणि माझी मला सोडून जाईना. म्हणून मी गेले. मूलहून छोट्या रेल्वेगाडीने गेलो. खिडकीतून धूर आत यायचा आणि दोघी एकमेकींच्या तोंडावरची काजळी पुसायच्या. तिच्या ओठांवरची काजळी पुसून झाल्यावरही माझी पुसतच राहिली. म्हणाली, "हे जात नाई."

डॉक्टर तरुण होते. खोलीत एक बाकडं, एक स्टूल, खिडकी. त्यांनी तिचा झगा वर करून नळी छातीला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. समोर, मग पाठीवर. पोटावरचे डाग दिसले, त्यावर ते काही बोलले नाहीत. मग कागद पुढे ओढून विचारायला लागले.

"ही निळी कधीपासून दिसते? जन्मल्याबरोबर की नंतर?"

भासरे म्हणाले, "आता आता जी. टोचनाऱ्यानं सांगतलं तवापासून."

"चालताना दम लागतो? मध्येच खाली बसते का?"

"लाडाची हाये जी, बसते कधी कधी."

"किती चालल्यावर बसते?"

भासऱ्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाई फरशीकडे बघत होत्या. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही आई ना? हे मला नीट कळलं पाहिजे. हृदयाचे दोष पुष्कळ प्रकारचे असतात, त्यातला कुठला हे मला नळीने अर्धंच कळतं. अर्धं तुम्ही सांगायचं असतं."

मला सगळं येत होतं. शाळेत यायचं तसं. आणि भासरे माझ्यापासून दोन हातांवर बसले होते. आयुष्यात ती रीत मला जड गेली ती इथे. मी पदर दातांत धरला, माझीला मांडीवर ओढलं आणि तिच्या डोक्याकडे बघत म्हणाले, "सांग व बाई, चाळीस पावलं चालते म्हना."

डॉक्टरांनी मान वर केली. "या कुणाशी बोलतायत?"

भासरे उठले. त्यांनी आपलं स्टूल उचललं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि आमच्याकडे पाठ करून बसले. "सांगू द्या जी तिले," ते भिंतीला म्हणाले. "मी ऐकून नाई राह्यलो म्हना."

मग मी सांगितलं. माझीच्या डोक्याला सांगितलं, एकामागून एक. मोहापासून चिंचेपर्यंत चाळीस पावलं, मागच्या पावसाळ्यात पन्नास व्हायची. बसते ती अशी, गुडघे छातीशी धरून. पाळीवर जितका वेळ बसते, तितका घरात बसत नाही. जन्मल्यावर निळी नव्हती, निळे ओठ मला मागच्या ज्येष्ठात दिसले. दूध पिताना थकायची. थंडीत जीभ निळी, उन्हाळ्यातही निळी, आंघोळीनंतर जास्त. बोटांची टोकं पौषात पाहिली तेव्हा फुगलेली होती. डॉक्टर भराभर लिहीत होते.

"कधी रडता रडता बेशुद्ध पडली?"

"नाई जी," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा तो पहिला शब्द. "कधीच नाई."

माझी मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. मी तिचं डोकं खाली दाबलं.

"एक डाव पडली म्हना," मी म्हणाले. "माघात. पाळीवर. रडली, काळी पडली, मान टाकली."

जाऊबाई माझ्याकडे वळल्या.

"कशानं रडली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

ओढली म्हना, एवढंच म्हणायचं होतं. "हट्ट केला होता म्हना," मी म्हणाले.

"मग तुम्ही काय केलंत?"

"गुडघे पोटाशी दाबून धरले. मंग रंग आला."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी माझीचं डोकं आणखी खाली दाबलं. ते भासऱ्यांच्या पाठीकडे बघून म्हणाले, "या बाईंनी त्या दिवशी लेकरू वाचवलं. आणि आज इतकं सांगितलं की माझं अर्धं काम झालं. असं लक्ष ठेवणारं माणूस घरात असणं हे नशीब आहे." भिंतीकडे बघत भासरे म्हणाले, "हो जी." माझी माझ्या मांडीवरच होती. ती शाबासकी माझीची होती, आणि मी घेतली.

छातीचा फोटो काढला. तो खिडकीशी धरून डॉक्टरांनी दाखवला. आतलं हृदय बुटासारखं दिसत होतं, टोक वर उचललेल्या बुटासारखं. त्यांनी कागदावर चार खोल्यांचं घर काढलं. खालच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीला भोक आहे, ते म्हणाले, आणि फुप्फुसाकडे जाणारं दार अरुंद आहे. म्हणून वापरलेलं काळं रक्त फुप्फुसात न जाता भोकातून चांगल्या रक्तात मिसळतं आणि तसंच अंगभर फिरतं. निळेपणा त्याचाच. ती खाली बसते तेव्हा पाय दुमडल्याने ते रक्त फुप्फुसाकडे ढकललं जातं. तिला कुणी शिकवलेलं नाही, तिच्या जिवाला बरं वाटतं म्हणून ती बसते.

"मंग हे ढोंग नाई," भासरे म्हणाले.

"नाही. तिचं औषध आहे ते."

इलाज विचारला. मुंबईकडे अशा लेकरांची छाती उघडायला लागलेत म्हणतात, ते म्हणाले, पण इतक्या लहान, अशक्त मुलीचं मी सांगू शकत नाही. मग त्यांनी सांगितलं ते मी पाठ केलं. रडवायचं नाही. बसली की बसू द्यायचं. काळी पडली की गुडघे छातीशी. ताप आला, जुलाब झाले तर पाणी पाजत राहायचं, अंग सुकू द्यायचं नाही.

परतीच्या गाडीत भासरे दुसऱ्या बाकावर झोपले. दोघीही झोपल्या. जाऊबाई माझ्यासमोर होत्या. नागमोडी वळणावर डबा हलला तेव्हा त्या म्हणाल्या, "माह्या लेकराची पावलं मोजत होतीस व तू?"

मी माझीच्या अंगावरचा पदर सारखा केला.

"मले नाई आलं मोजाले," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या. त्यांना माझा हेवा वाटत होता. माझा हेवा वाटावा असं आयुष्यात पहिल्यांदाच काही झालं होतं. मला त्याचा आनंद झाला, हे इथे लिहिते. मूल स्टेशन येईपर्यंत तो टिकला.

त्यानंतर घरात सगळं माझ्या मनात होतं तसंच झालं. मरळ तिची, खांदा तिचा. आणि भर म्हणून मी तिची. शेतात जाताना सासूबाई म्हणायच्या, "काकूपाशी ठिवा तिले, तिले समजते." गावात बायका म्हणायच्या, सख्ख्या मायला दिसलं नाही ते काकूला दिसलं, काय जीव आहे बाई तिचा. मी पदर पुढे ओढायची. ती माझ्याजवळ राहायला लागली, तशी माझीला माझी मांडीही अर्धीच मिळायला लागली. एकदा माझीने माझा हात आपल्या छातीवर ठेवला आणि विचारलं, "माह्या इथी काऊन नाई आवाज येत?" डॉक्टरांनी तिची छाती मला हाताने चाचपून दाखवली होती, मांजर घुरघुरावं तशी थरथर लागायची तिथे. ती थरथर माझीला हवी होती.

तिला मी कितीदा तरी गुडघे दाबून परत आणली. चार वर्षं. पाचव्या पावसाळ्यात जुलाब झाले, मी चमच्याने पाणी पाजत बसले होते, पण अंग सुकलंच. ती गेली तेव्हा माझ्याच मांडीवर होती. मी इतकी रडले की लोकांनी जाऊबाईंना सोडून मला धरलं. ते रडणं खरं होतं. पण लोकांना वाटलं ते माझ्यात आधीपासून होतं. ते नव्हतं. उशिरा आलं, आणि ज्या वाटेने आलं ती वाट चांगली नव्हती.

पुष्कळ वर्षं गेली. सासूबाई गेल्या, भासरे गेले, माझीचं लग्न सावली नावाच्या गावाकडे झालं, तिला दोन लेकरं झाली. मागच्या ज्येष्ठात मी आणि जाऊबाई तलावाच्या काठी जांभळाखाली बसलो होतो. खाली पडलेली वेचून वेचून जाऊबाई पदरात जमवत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं.

"बाई, माघात ते हट्टानं नव्हती रडली. मीच वढलं होतं तिले. अन् जीभ मले पौषातच दिसली होती. मी सांगतलं नाई."

त्यांनी एक जांभूळ पुसलं, बघितलं, परत पुसलं.

"मी तुले जांभळं देल्ली म्हनलं, आठवते?" त्या म्हणाल्या.

"हो."

"कुठी देल्ली होती व मी? त्या साली झाडाखाली पाय नोता टाकला. मले तिचे ओठ अंगावर पीत होती तवापासून दिसत होते. कोनाले म्हनाव असं वाटे, अन् म्हनलं तं खरं होईन असं वाटे. तू म्हनली जांभळं खाल्ली, तं मले इतकं बरं वाटलं. म्हटलं, हो. जांभळंच हायेत."

मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. डॉक्टरांसमोर त्या फरशीकडे बघत होत्या ते मला आठवलं. इतकी वर्षं मी एवढं तरी माझं धरून होते, की त्या लेकराकडे सगळ्यांच्या आधी पाहिलं ते मी. तेही त्यांचंच निघालं. रागवावं, माझ्यावर ओरडावं, असं काही त्यांनी केलं नाही, आणि त्याचाही मला हेवा वाटला.

जाऊबाईंनी पदरातली चार जांभळं माझ्या हातावर ठेवली आणि उरलेली स्वतः खाल्ली. मग लहान पोरीसारखी जीभ बाहेर काढली.

"पाय बरं, रंगली का?"

मी पाहिलं. रंगली होती. लुगड्याच्या पदरावरही पुढे मोठे मोठे डाग पडले होते.